कपाट नंबर तीन

४ ऑक्टोबर १९८५

आजपासून मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. कोल्हापुराहून बी.ए. होऊन आलो त्याला दोन वर्षं झाली. आई विचारायची, "काय करतस?" मी म्हणायचो, "लिहितंय." आता तिला शेजारी सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.

वाचनालय म्हणजे रवळनाथाच्या देवळामागची खोली, एक बंद घड्याळ आणि तीन कपाटं. पहिल्यात संतवाङ्मय नि थोर पुरुष. दुसऱ्यात प्रवासवर्णनं, पाकशास्त्र आणि ज्याचं काय करायचं ते कळलं नाही असं सगळं. तिसऱ्यात प्रेमकादंबऱ्या, एकूण एकेचाळीस. पहिल्या कपाटाला कुलूप आहे, तिसऱ्याला नाही. चोर आला तर तो काय नेईल ते अध्यक्षांना माहीत नसावं. अध्यक्ष म्हणजे आबा, निवृत्त हेडमास्तर. वाचनालयात शुद्ध बोलतात, रागावले की मालवणीत येतात.

टेबलावर अभिप्राय वही असते. तिच्यात तीनच अभिप्राय फिरून फिरून येतात: छान, फार छान, शेवटी रडू आलं. मला जे म्हणायचंय ते तिच्यात लिहिलं तर नोकरी जाईल, म्हणून ही वही. पुस्तकांची नावं लिहिणार नाही, दाखल नंबर पुरे. नावं आपसात बदलली तरी कोणाला कळायचं नाही.

दा. क्र. ११४२. नायक डॉक्टर. नायिका अनाथ, पण साड्या अठरा, मी मोजल्या. दोनशेवीस पानांत डॉक्टर नायिकेखेरीज कोणाचीही नाडी बघत नाही. दोघांत गैरसमज होतो, तो एका पोस्टकार्डाने मिटला असता. लेखिकेच्या गावात पोस्ट नसावं.

माझी कादंबरी वेगळी आहे. 'जिना, वजा जिना'. एक माणूस जिना उतरतो. तीन वर्षं लिहिली, विरामचिन्ह एकही नाही. माझा मित्र गुरुदास, त्याच्या मामाच्या कोल्हापूरच्या प्रेसमध्ये छापली. कटिंग मशीन बिघडलेलं, त्यामुळे पानं वरून जोडलेलीच राहिली. आम्ही प्रस्तावनेत घातलं की पानं स्वतः कापत जाणं हा वाचकाचा सहभाग आहे. वर काळं वेष्टण, चित्र नाही. तीनशेपैकी दोनशेसाठ प्रती माझ्या खाटेखाली आहेत. चाळीस वाटल्या. त्यांतल्या एकानेही काही कळवलेलं नाही. अजून कापत असतील.

११ ऑक्टोबर

सभासद नंबर चौतीस, कृष्णाबाई मासळीवाली. अंगठा उठवून पुस्तक नेते. आठवड्याला दोन, तीही तिसऱ्या कपाटातली. आज विचारलंच.

"कृष्णाबाई, तुका वाचूक येता?"

"तुका मासो कापूक येता? तरी खातस मा?"

"मगे वाचता कोण?"

"घराकडे चेडू आसा."

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, कृष्णाबाईची मुलगी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन मालवणला गेली. म्हणजे ही बाई पानं फाडून त्यात बांगडे बांधत असणार. परत आलेल्या दोन्ही पुस्तकांची पानं मोजली. सगळी जाग्यावर. वास मात्र येतो. तिसरं कपाट उघडलं की आधी बांगडा येतो, मग प्रेम.

११४२ परत करताना तिने आपण होऊन अभिप्राय दिला.

"डॉक्टर काय बरो नाय. रोज बागेत. मगे पेशंट खंय जातत, बागेत? नि ती रडता किती. तेवड्या पाण्यात माजी होडी चलात."

"मगे दुसरा कित्याक नेतस?"

"ह्यात इंजिनियर आसा. बगूया तो तरी कामार जाता काय."

२० ऑक्टोबर

आबांनी माझी कादंबरी वाचनालयासाठी घेतली. दा. क्र. १२०३. उभ्या उभ्या दोन पानं चाळली आणि म्हणाले, "यातलं मला काहीही कळलं नाही, मधू. म्हणजे वाङ्मय उच्च आहे." ही माझी पहिली समीक्षा.

मग स्वतःच्याच कार्डावर घरी नेली. "घरात सून आहे. तिच्या हाती असंच काहीतरी पडायला हवं, ज्याने मन भरकटणार नाही." सून म्हणजे लीला वहिनी. नवरा मुंबईला, तो चतुर्थीला येतो नि आंब्याच्या दिवसांत येतो. वहिनी घराबाहेर फारशी दिसत नाहीत. पुस्तक बदलायला आणायचं ते कृष्णाबाई आणते, मागच्या दारी मासळी द्यायला जाते तेव्हा.

६ नोव्हेंबर

१२०३ परत आली आणि वहिनींनी तीच पुन्हा मागितली. म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा. अशी वाचकीण कोल्हापुरात नाही, पुण्यात नसेल, आमच्या गावात निघाली. गुरुदासला चार पानी पत्र टाकलं: आपण म्हणत होतो की सामान्य वाचक प्रयोगाला तयार नाही, ते मागे घे.

शिवाय माझ्या पुस्तकालाही आता बांगड्याचा वास येतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दा. क्र. १०८७. प्रवासवर्णन. लेखक युरोपात बावीस दिवस होता आणि एकवीस दिवस त्याला भाकरी आठवली. दा. क्र. ११९०. नवकवितेचा संग्रह. एका पानावर एकच शब्द, 'मी'. उरलेलं पान कोरं, ते जास्त चांगलं आहे.

२८ नोव्हेंबर

आबांनी सही घ्यायला घरी बोलावलं होतं. ते जेवून आडवे झालेले. मागच्या पडवीत वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, हातात काळं वेष्टण. माझं. मी दारातच थांबलो. त्या हसत होत्या. मग पान उलटलं नि पदराने डोळे पुसले.

माझ्या कादंबरीत हसण्यासारखं काही आहे हे मला माहीत नव्हतं. रडण्यासारखं आहे हे माहीत होतं, पण ते फक्त मला.

मला बघून त्यांनी पुस्तक एकदम मिटलं. "भावजी, कधी इलास?"

"आत्ताच. कुठवर आलात?"

"अर्ध्यार. आता फुडे काय होता ता कळल्याशिवाय माका भात सुचाचो नाय."

पुढे काय होतं. माझ्या कादंबरीत पुढे काहीच होत नाही, तीच तिची ताकद आहे. आणि ही बाई त्या काहीच नसण्याची भाताला उशीर करून वाट बघते. घरी आलो नि आईशी फार वेळ बोललो नाही. मोठ्या लेखकांचं असंच होत असावं.

१५ डिसेंबर

वरच्या वाडीतली एक मुलगी एका कंडक्टरबरोबर पळून गेली. तिने वाचनालयात आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही, पण आबांना कारण सापडलं. तिसरं कपाट रिकामं करायचं, सगळी पुस्तकं फोंडाघाटच्या रद्दीवाल्याला द्यायची. मला म्हणाले, "तू सगळी वाचली आहेस. समितीपुढे अहवाल ठेव. निर्भीडपणे लिही."

निर्भीडपणे लिहायला मला प्रथमच कोणी सांगितलं. अकरा पानं झाली. या वहीतून जसंच्या तसं उतरवलं: साड्या, नाडी, पोस्टकार्ड. शिवाय शेवटी टाकलं की एकेचाळीसपैकी अडतीस कादंबऱ्यांत नायिका जिन्यावरून पडते, आणि जिन्याचा असा गैरवापर मला वैयक्तिक पातळीवर सहन होत नाही.

कृष्णाबाई पुस्तकं बदलायला आलेली. मी काय लिहितोय ते तिने विचारलं, मी सांगितलं. ती पाटी उचलून निघाली, दारात थांबली.

"तुका नको तर तू वाचू नको. दुसऱ्याच्या पानातला कित्याक काढतस?"

२ जानेवारी १९८६

समितीची बैठक. अहवाल वाचला, आबा डोळे मिटून ऐकत होते. तीन जण बाजूने, तीन विरुद्ध. विरुद्ध असलेल्या तिघांच्याही घरात बायका आहेत. शेवटी कोणीतरी म्हणालं, देवाला कौल लावा. पदवीधर म्हणून मी विरोध नोंदवला. इतिवृत्तात तो शब्द आला नाही, इतिवृत्त मीच लिहितो तरी.

१२ जानेवारी

काशीराम गुरवाने भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना लावल्या आणि जमलेल्यांच्या साथीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, आज तुज्या वाचनालयाची लेकरां तुज्या पायाकडे इलीसत."

"व्हय म्हाराजा."

"तीन नंबरच्या कपाटात जी काय रंगीत पुस्तकां आसत, ती काढून टाकूची असात तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

उजवीकडची पाकळी पडली. लगेच. देवाने अहवाल वाचलेला असावा.

बायका मागे उभ्या होत्या. लीला वहिनी कधी नव्हे त्या देवळात आलेल्या, खांबाला धरून. मला वाटलं, माझ्या बाजूने आल्या.

१६ जानेवारी

वहिनींनी १२०३ परत पाठवली. या वेळी मुदत वाढवून नको म्हणाल्या. अर्ध्यावरचं पान नव्वद उघडून बघायचं होतं, त्या कुठे रडल्या ते. उघडेना. पान नव्वद एक्क्याण्णवला वरून जोडलेलं. अठरा एकोणीसला जोडलेलं. पहिलं पानसुद्धा. तीन महिने, सहा वेळा मुदत वाढवली, आणि एकही पान कापलेलं नाही.

अर्थात न कापता दोन पानांच्या मधून डोकावून वाचता येतं. तो सहभाग आणखी खोल म्हणावा लागेल.

१७ जानेवारी

कालचं वाक्य खोडणार नाही. असू दे. लाज वाटावी म्हणून.

वेष्टण काढून बघितलं. घडीला दोनदोन रेघा, एक माझ्या पुस्तकाच्या जाडीची, दुसरी त्याहून जाड पुस्तकाची. आतल्या बाजूला माशाचं एक खवलं. म्हणजे कृष्णाबाई स्वतःच्या कार्डावर तिसऱ्या कपाटातलं नेते, ते पाटीतून आबांच्या मागच्या दारी जातं, आणि तिथे माझं काळं वेष्टण घालून बसतं. आबा बाहेरून बघतात नि समाधानाने झोपतात. मी बाहेरून बघितलं नि त्यांच्याहून समाधानाने झोपलो.

कृष्णाबाईला बाजारात गाठलं.

"घराकडचा चेडू म्हणजे लीला वहिनी?"

"उशीर लागलो तुका. शिकलेलो मा."

"मग सांगूचा होता."

"काय सांगूचा? तू एवडो खूश. तुजी आई म्हणी, माजो झील हल्ली हसता." तिने कोयतीवरचं पाणी झटकलं. "दुपारी आबा निजतत. आमी चार बायका मागच्या परड्यात बसतांव. ती वाचता. कदी गेलस त्या घरात? तिका 'च्या ठेव' नि 'भात वाढ' ह्याच्या भायर कोण काय बोलणा नाय. घोव वर्षातसून दोनदा येता, तो आबांशी बोलता. तिचो आवाज कसो आसा ता आमकाच म्हायत. पुस्तकां रद्दीत जातली, मगे ती काय वाचतली, पंचांग?"

मी तिथेच उभा राहिलो. ती म्हणाली, "बांगडे व्हये तर घे, नायतर वाट सोड."

१९ जानेवारी

दुपारी आबांच्या परड्याच्या गडग्याबाहेर उभा राहिलो. दगडी गडगा छातीएवढा, मी वाकून. संशोधन म्हणून.

आत ११४२ चालू होतं, तिसऱ्यांदा. वहिनींचा आवाज मला वाटला होता त्याहून जाड आहे, आणि त्या सगळ्या पात्रांचे वेगळे आवाज काढतात. डॉक्टर बागेत येतो ते प्रकरण. त्यांनी वाचलं: "हॉस्पिटलातले सतरा पेशंट तपासून डॉक्टर थकून बागेत आला."

पान चौसष्ट माझं पाठ आहे. त्यात सतरा पेशंट नाहीत. एकही नाही.

पुढे डॉक्टर म्हणतो, तू माझी आहेस. पुस्तकात नायिका इथे मान खाली घालते. वहिनींनी वाचलं: "ती म्हणाली, आधी माका विचारलंस?" काशीराम गुरवाची बायको म्हणाली, "बरां सांगल्यान." कृष्णाबाई म्हणाली, "गेल्या खेपेक ह्यां नव्हता गो." वहिनी म्हणाल्या, "आता आसा."

दा. क्र. ११४२. सुधारित अभिप्राय: पुस्तक भिकारच. पण ज्या पुस्तकात एवढी मोकळी जागा असते की एक बाई उठून आत जाऊन बसू शकते, त्याच्याबद्दल अकरा पानं लिहिणारा माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो ते लिहीत नाही. मी तर बिघडलेल्या कटिंग मशीनलाच वाचकाचा सहभाग म्हटलं होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर आबांकडे अहवाल मागे घ्यायला गेलो. आबा मालवणीत आले. "देवान कौल दिल्यान, आता तू कोण मागे घेणारो?" बरोबर आहे. अहवाल मागे घेता येतो, देव येत नाही. येत्या पंधरवड्यात पुस्तकं ट्रकवर चढवायची, आबा स्वतः मोजणार.

वाटेत काशीरामाला विचारलं, देवाला परत विचारता येईल का.

"तोच प्रश्न परत घालूचो नसता. देवाक राग येता."

"मगे?"

तो सुपारी कातरत राहिला. "मी काय विचारलंय ता आठव. तीन नंबरच्या कपाटातली रंगीत पुस्तकां. देव विचारल्याचा उत्तर देता, न विचारल्याचा नाय." मग खाली बघून म्हणाला, "माजी बायल गेले पंधरा दिवस माज्याशी बोलणा नाय."

घरी येऊन खाटेखाली बघितलं. माझ्या प्रतींची नि त्या कादंबऱ्यांची लांबी-रुंदी एकच. गुरुदासने प्रेमकादंबऱ्यांच्याच मापाचा कागद घेतला होता, तो मिळत होता म्हणून.

८ फेब्रुवारी

झालं. दोन दिवस वाचनालय 'साफसफाईसाठी बंद' होतं. एकेचाळीस कादंबऱ्यांची रंगीत वेष्टणं काढली आणि माझ्या एकेचाळीस प्रतींवर चढवली. गुलाब, चंद्र, उडता पदर, आणि आत जिना. माझी काळी वेष्टणं कादंबऱ्यांवर. कृष्णाबाई खळ करून घेऊन आली. एका वेष्टणावरच्या नायकाकडे बघून म्हणाली, "ह्यो बरो दिसता. तुज्या पुस्तकाक पयलेच असो घेतलो असतस तर."

आज आबांनी एकेचाळीस रंगीत पुस्तकं मोजली आणि फोंडाघाटच्या ट्रकवर चढवली. आत एकही उघडून बघितलं नाही, हात बाटतील म्हणून. तीन वर्षांचं काम ट्रकच्या हौद्यात पडताना बघत उभा राहिलो. मला कढ आला असं लिहायला हवं. खरं म्हणजे मी मोजत होतो, चुकून एक जास्त जाऊ नये म्हणून.

मग देणगी नोंदवली. दा. क्र. १२०४ ते १२४४, 'जिना, वजा जिना', प्रत दुसरी ते बेचाळिसावी, लेखकाकडून भेट. रिकाम्या कपाटात लावल्या. पाठीवर पेन्सिलीने बारीक खूण, बायकांना कळेल अशी.

आबा म्हणाले, "एकाच पुस्तकाच्या एवढ्या प्रती?"

"मागणी आहे, आबा. रजिस्टर बघा. तुमच्याच घरातून सहा वेळा."

त्यांनी बघितलं. डोळे पाणावले. "लेखकाचा त्याग म्हणतात तो हा," म्हणाले. पहिल्यांदाच आबांची समीक्षा पटली.

३१ मार्च

वार्षिक अहवाल आबांनी स्वतः लिहिला. "गावातील स्त्रीवर्गाची अभिरुची एका वर्षात उंचावली असून, प्रायोगिक कादंबरीच्या बेचाळीसही प्रती सतत बाहेर असतात." गुरुदासला नक्कल पाठवली. त्याचं उत्तर: दुसरी आवृत्ती काढू का. नको म्हणून कळवलं. वेष्टणं तेवढी जास्तीची छाप, फाटतात.

५ एप्रिल

कृष्णाबाईने आज पाटीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पाठीवर खूण नव्हती. १२०३. खरी.

"ह्यां चुकून गेला वाटता," मी म्हटलं.

"चुकून नाय. लीला म्हणाली, भावजींचा आसा, एक दिवस वाचूया. त्येनी आमच्यासाटी आपली पुस्तकां घातली ट्रकात."

उघडून बघितलं. पहिली सोळा पानं कापलेली होती, वाकडीतिकडी, काठाला दाते आलेले. आडाळीवर, म्हणजे विळीवर, धरून कापलेली, मासे कापतात तशी. सतरापासून पुढे जोडलेलीच.

"मगे?" मी विचारलं. तीनशे प्रती, पाच महिने, आणि आत्ता कुठे.

"तो माणूस जिनो उतरता."

"व्हय."

"उतरता, उतरता, उतरता. सोळा पानां."

"व्हय."

"जेवलो काय तो?"

मी विचार केला. तीन वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. "नाय."

"तेका घर आसा? बायल?"

"तसा काय ठरवूक नाय."

"लीला आपल्याकडची भर घाली होती, मी म्हटलंय नको, मधू तेचा तो बगीत." तिने पाटी डोक्यावर घेतली. "आदी तेका जेवूक घाल. मगे आमी फुडे कापतांव."

संध्याकाळी घरी आल्यावर आईची आडाळी घेतली आणि सतरावं पान मीच कापलं. छापलेलं खोडून वर लिहायला घेतलंय. माणसाला मधल्या मजल्यावर थांबवलंय. एका दाराआडून बायकांचा आवाज येतो, कोणीतरी काहीतरी वाचतंय. भात झालाय. त्याच्याबरोबर कालवण कसलं ते उद्या कृष्णाबाईला विचारीन.